छतावर चढण्याआधी बिल वाचा: घर, सोसायटी, कारखाना आणि शेत यांच्या सोलरचं गणित

सोलर बसवणाऱ्या छोट्या ठेकेदाराला ग्राहकाचा फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमच्याकडे किती किलोवॅट बसेल?" बहुतेक जण टेप घेऊन गच्ची मोजायला निघतात. गच्ची मोजायचीच आहे, पण नंतर. आधी मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं मागा. आज महाराष्ट्रात ग्राहकाचा गट ठरतो तो त्याच्या बिलावरच्या दर-वर्गवारीवरून. एकाच गल्लीतलं घर, दुकान, पिठाची गिरणी आणि शेतातली मोटर यांच्यावर सारखंच ऊन पडतं, पण वाचलेल्या युनिटची किंमत चौघांसाठी चार प्रकारची असते.

गेल्या काही वर्षांत हे गटही वेगवेगळ्या दिशांना गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये घराच्या छतावरच्या सोलरला केंद्राचं अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना आली आणि घरगुती बाजार २ ते ३ किलोवॅटवर येऊन बसला. २०२५ च्या नव्या दररचनेत उद्योगांना दिवसाची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग झाली, त्यामुळे कारखान्याच्या छतावरचं जुनं गणित बिघडलं. शेतीत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज मिळू लागली. साहजिकच सौर पंप कोणाला हवा आणि कोणाला नको, हेही बदललं. म्हणून एकच कोटेशन सगळीकडे फिरवणाऱ्याचं काम हल्ली पुढे सरकत नाही.

बिलावर काय पाहायचं

ग्राहक क्रमांक, नाव, दर-वर्गवारी, मंजूर भार (जोडणीला मान्य असलेले कमाल किलोवॅट), थकबाकी आणि महिन्यागणिक युनिट. या सहा गोष्टी वहीत उतरवा. बिल वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर तिथेच थांबा आणि आधी नाव बदलून घ्या. बिल, आधार आणि बँक खातं यांतली नावं जुळत नसतील तर प्रकल्प उभा राहतो, मीटर लागतो आणि मग अनुदान अडकतं. ग्राहक त्याचा दोष सरकारला नाही, तुम्हाला देतो.

आता आकार. महाराष्ट्रात १ किलोवॅटमागे वर्षाला साधारण १,४०० युनिट धरा, म्हणजे दिवसाला सरासरी ४ च्या आसपास. विदर्भ-मराठवाड्यात थोडं जास्त मिळतं, कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यामुळे कमी. जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती जवळपास निम्म्यावर येते, हे ग्राहकाला विकतानाच सांगा. मे महिन्याबद्दलही गैरसमज असतो. ऊन कडक असलं तरी पॅनल ६० अंशांच्या वर तापतं आणि तापमानाच्या प्रत्येक अंशाला ०.३ टक्क्यांच्या आसपास शक्ती जाते. म्हणजे दुपारी दहा टक्क्यांहून जास्त घट होऊ शकते. फेब्रुवारी-मार्चचं स्वच्छ, कमी तापलेलं आकाश सोलरसाठी जास्त सोयीचं.

घर: ३ किलोवॅटच का?

केंद्राचं अनुदान पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असं कमाल ७८,००० रुपये. त्यामुळे बाजारात सगळे ३ किलोवॅटच विकतात. पण महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीत, सोलरची युनिटं वापरातून वजा होतात तेव्हा आधी वरचा महाग टप्पा कापला जातो, आणि पहिल्या शंभराचा वीज आकार पुढच्या टप्प्याच्या जवळपास निम्माच आहे.

महिना २८० युनिट वापरणारं घर घ्या. त्याला १०० वर आणायला महिन्याला १८० म्हणजे वर्षाला २,१६० युनिट लागतात. दीड किलोवॅटच्या थोडं पुढे हे काम संपतं. त्यानंतरचा प्रत्येक वॅट स्वस्त युनिटं वाचवतो आणि तिसऱ्या किलोवॅटला अनुदानही कमी. अशा घराला २ किलोवॅटचं कोटेशन देणं प्रामाणिकपणाचं आहे. दोन वर्षांत एसी किंवा विजेवरची स्कूटर येणार असेल तर ३ द्या, पण त्याचं कारण कोटेशनमध्ये लिहा.

दुसरी मेख ३१ मार्चची. शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यांत सरकतात, पण आर्थिक वर्ष संपलं की उरलेल्यांचा हिशेब कमी दराने होऊन खातं पुन्हा शून्यावर येतं. घराचा वापर एप्रिल-मेमध्ये सर्वांत जास्त असतो आणि नेमकं तेव्हाच मागची शिल्लक संपलेली असते. त्यामुळे गरजेपेक्षा मोठा प्रकल्प बसवून मार्चमध्ये भरपूर युनिटं जमवणं म्हणजे ती स्वस्तात विकणं. शाळेचं उलट असतं. मेच्या सुट्टीत जमलेली युनिटं तिला पुढे मार्चपर्यंत पुरवून वापरता येतात, म्हणून शाळांना हा हिशेब फार सोयीचा पडतो.

महिन्याला १०० युनिटांखालच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी राज्याने २०२५ मध्ये 'स्मार्ट' योजना आणली. तीत १ किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० वर राज्याचं अनुदान मिळतं. या गटाला स्वतंत्रपणे विकायला जाऊ नका. पैसे आणि पात्रता दोन्ही योजनेच्या चौकटीतच बसतात.

कामाचा क्रम असा. राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने नोंदणी आणि अर्ज. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्त झालेल्या केंद्रीय नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास लागत नाही, अर्ज मान्य धरला जातो आणि गरजेनुसार मंजूर भारही वाढवून धरतात. मग नोंदणीकृत विक्रेत्याशी करार, उभारणी, फोटो आणि पॅनलचे सिरीयल क्रमांक अपलोड, नेट मीटर, तपासणी, आणि शेवटी ग्राहकाच्या खात्यात अनुदान. पॅनल देशी सेलचं, म्हणजे डीसीआर असणं सक्तीचं आहे. सिरीयल क्रमांक पॅनल वर चढवण्याआधी जमिनीवरच टिपून घ्या. नंतर शिडीवरून वाकून वाचलेल्या क्रमांकात एक आकडा चुकतो आणि दावा परत येतो. अनुदान पॅनल आणि इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) यांपैकी ज्याची क्षमता कमी त्यावर मोजतात, म्हणून ५४० वॅटची सहा पॅनल लावून (३.२४ किलोवॅट) २.५ चा इन्व्हर्टर जोडू नका.

गच्चीवर किलोवॅटमागे ८० ते १०० चौरस फूट जागा धरा. दक्षिणेकडे १५ ते २० अंश कल पुरतो. पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि शेजारची नवी इमारत यांची सावली सकाळी ९ आणि दुपारी ४ ला, शक्य तर डिसेंबरचा विचार करून पाहा. तेव्हा सूर्य सर्वांत खाली असतो. एका पॅनलच्या कोपऱ्यावरची सावली पूर्ण ओळीचा प्रवाह खाली खेचते. सावली टाळता येत नसेल तर प्रत्येक पॅनल स्वतंत्र चालवणारा ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर घ्या, नाहीतर ते एक पॅनल लावूच नका.

लोखंडी सांगाडा गरम जस्तात बुडवलेला, ८० मायक्रॉन थराचा असावा. साइटवर कापून वेल्डिंग केलं की तो थर जातो आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो. म्हणून नट-बोल्टचीच जोडणी करा. भारतीय मानकानुसार वाऱ्याचा मूळ वेग पुण्यात ३९ मीटर प्रति सेकंद, तर मुंबई आणि नागपुरात ४४ धरतात. गच्ची वापरात राहावी म्हणून आठ-नऊ फुटांचे उंच खांब घालणाऱ्यांनी निदान कर्णाचे आधार तरी गाळू नयेत. वारा पॅनल नुसतं दाबत नाही, खालून उचलतोही. स्लॅबला भोक पाडायचं असेल तर केमिकल अँकर (रसायनाने घट्ट बसवलेला बोल्ट) आणि वर गळतीरोधक थर हवा. अन्यथा काँक्रीटचे ठोकळे, पण त्यांचं वजन हिशेबाने काढलेलं. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर साधे बोल्ट दोन वर्षं टिकत नाहीत. तिथे ३१६ दर्जाचं स्टेनलेस वापरा आणि खाऱ्या हवेची चाचणी झालेलीच पॅनल घ्या.

डीसी बाजूला, म्हणजे पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंत, ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल वापरा. केबल जोडणारे एमसी-४ कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे 'बसतात' खरे, पण आत नीट पकडत नाहीत. सांधा तापतो, वितळतो आणि छतावरच्या आगींचं हे नेहमीचं कारण असतं. अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे लागतात: डीसी, एसी आणि आकाशातल्या विजेसाठीचा वीजरोधक. डीसी आणि एसी दोन्ही पेट्यांत सर्ज प्रोटेक्शन (अचानक चढणाऱ्या व्होल्टेजपासून संरक्षण) बसवा. इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात लावला तर तो दुपारी स्वतःच उत्पादन कमी करतो.

गावात एक तक्रार वारंवार येते: "दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो." घर रोहित्रापासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब असतं, सेवा तार बारीक असते आणि सोलरने वीज बाहेर ढकलली की व्होल्टेज चढून मर्यादेबाहेर जातं. तेव्हा इन्व्हर्टर बदलून उपयोग नाही. मीटरपासूनची तार जाड करा, सांधे घट्ट करा आणि तरीही चढत असेल तर महावितरणकडे रोहित्राचा टॅप बदलून व्होल्टेज उतरवण्यासाठी अर्ज द्या. लाइट गेल्यावर सोलर बंद होतं, हेही आधीच सांगा. ते वायरमनच्या सुरक्षेसाठी आहे. भारनियमन असलेल्या भागात ग्राहकाला खरं तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी हवी असते आणि तिला अनुदान नाही.

सोसायटी: छत सगळ्यांचं, सही कोणाची?

सामायिक मीटरवर लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे असतात. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, एका घरामागे ३ किलोवॅट या हिशेबाने कमाल ५०० किलोवॅटपर्यंत. तांत्रिकदृष्ट्या हे सोपं काम आहे. अडतं ते सर्वसाधारण सभेत. वरच्या मजल्याचा सभासद गळतीची भीती घालतो, दुसरा गच्चीवर हक्क सांगतो, तिसऱ्याला निवडणुकीनंतर बघायचं असतं. म्हणून कोटेशनआधी ठरावाचा मसुदा द्या. त्यात गळतीची जबाबदारी कोणाची आणि किती वर्षं, टाकीकडे जायची मोकळी वाट किती फूट, गच्चीच्या दुरुस्तीच्या वेळी सांगाडा काढण्याचा खर्च कोणाचा, हे स्पष्ट असू द्या. ठराव झाल्याशिवाय डिझाइनवर दिवस घालवू नका.

दुकान, दवाखाना, शीतगृह, कारखाना

इथे अनुदान नाही. व्यापारी दर घरगुती खालच्या टप्प्यांपेक्षा चढा असल्यामुळे सोलर तरीही परवडतं, आणि कर भरणाऱ्या व्यवसायाला ४० टक्के घसारा (उपकरणाच्या किमतीतली घट म्हणून करपात्र उत्पन्नातून वजावट) मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. उपकरणं आणि काम एकत्र विकलं की ७० टक्के वस्तू आणि ३० टक्के सेवा असं धरून एकूण कर ८.९ टक्के पडतो. जुने कोटेशनचे नमुने अजून १३.८ टक्क्यांनी फिरताना दिसतात. ते फेकून द्या.

कारखान्यात आधी विचारा: पाळ्या किती आणि सुट्टी कोणत्या वारी? सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात आता सवलत आहे आणि संध्याकाळी ५ नंतर अधिभार. म्हणजे सोलर ज्या वेळी वीज देतं त्याच वेळची वीज स्वस्त झाली. एका पाळीच्या कारखान्याला परतफेडीची वर्षं आधीपेक्षा जास्त लागणार. तीन पाळ्यांच्या कारखान्याने दिवसाच्या शिलकीवर संध्याकाळ भागेल असं धरूच नये. चालू टॅरिफ आदेशातली वेळनिहाय समायोजनाची तरतूद वाचूनच आकार ठरवा आणि शक्यतो दिवसाच्या किमान भाराइतकाच प्रकल्प द्या. बॅटरीची विचारणा वाढण्याचं कारणही हेच: दुपारचं युनिट संध्याकाळपर्यंत धरून ठेवता आलं तर त्याची किंमत वाढते.

इचलकरंजी-मालेगावच्या यंत्रमागांना वीजदरात सवलत आहे. तिथे वाचणाऱ्या युनिटची किंमतच कमी, त्यामुळे शेजारच्या इंजिनिअरिंग कारखान्याचा परतफेडीचा तक्ता त्यांना दाखवणं चूक. नाशिककडच्या द्राक्षांच्या शीतगृहांचा भार जानेवारी ते एप्रिल असतो. ऑक्टोबरपासून साठलेली युनिटं मार्चअखेरपर्यंत तिथे खपतात. म्हणून प्रकल्प पावसाळा संपताच सुरू झाला पाहिजे, फेब्रुवारीत नाही.

उच्चदाब (मोठ्या व्होल्टेजची जोडणी असलेल्या) ग्राहकाला एक धक्का नेहमी बसतो. १ एप्रिल २०२० पासून उच्चदाबाला केव्हीएएचवर, म्हणजे प्रतिघाती शक्तीही धरणाऱ्या मापावर, बिल येतं. सोलर किलोवॅट देतं, पण मोटारींना चुंबकत्वासाठी लागणारी प्रतिघाती शक्ती ग्रिडमधूनच येत राहते. मीटरवर पॉवर फॅक्टर (एकूण विजेतलं कामाच्या विजेचं प्रमाण) घसरतो आणि बिल अपेक्षेइतकं उतरत नाही. इन्व्हर्टरमधून प्रतिघाती शक्ती देण्याची सेटिंग करा किंवा कपॅसिटर पॅनल नव्याने मोजा. महिन्याच्या कमाल मागणीवर लागणारा डिमांड चार्जही फारसा कमी होत नाही. एक ढगाळ दुपार महिन्याची कमाल मागणी जुन्या जागी नेऊन ठेवते. जनरेटर असेल तर त्याच्यावर साधारण ३० टक्के भार राहील असा नियंत्रक हवाच, नाहीतर सोलरची वीज उलटी त्यात शिरते.

पत्र्याच्या शेडवर जाण्याआधी पत्र्याचं वय विचारा. पॅनल २५ वर्षांचं आणि पत्रा ५ वर्षांत बदलायचा असेल तर आधी पत्रा बदला. सिमेंटच्या पत्र्यावर प्रकल्प घेऊच नका. पॅनल आणि रेल मिळून चौरस मीटरला १२ ते १५ किलोचा भार येतो, तो शेडच्या छताखालच्या कैचीला झेपतो का हे संरचना अभियंत्याकडून लिहून घ्या. प्रकाशासाठी लावलेले पारदर्शक पत्रे धुळीने बाकीच्या पत्र्यांसारखेच दिसतात आणि कामगार त्यातून खाली पडतात. पहिल्या दिवशी ते रंगाने खुणावून घ्या, मगच चालण्याची फळी आणि कमरेचा दोर घेऊन काम सुरू करा.

स्वतःचे पैसे घालायचे नसतील तर दुसरा गुंतवणूकदार प्रकल्प उभारतो आणि ग्राहक युनिटमागे पैसे देतो. छत पुरत नसेल तर १०० किलोवॅट आणि त्यावरच्या भाराला २०२२ च्या नियमांनुसार हरित ओपन ॲक्सेस, म्हणजे दुसरीकडच्या प्रकल्पाची हरित वीज ग्रिडमधून आणण्याची मुभा, मिळतो. त्या प्रकल्पाला कॅप्टिव्ह (स्वतःच्या वापराचा) म्हणायचं असेल तर २६ टक्के मालकी आणि ५१ टक्के वापर लागतो. ही कामं मोठ्या कंपन्यांची. छोट्या ठेकेदाराने तिथे उभारणीचा उपठेका घ्यावा. पॅनलच्या भावाची मुदत मात्र कोटेशनवर १५ दिवसांच्या पुढे देऊ नका. सरकारच्या मंजूर यादीतलाच माल वापरण्याची अट आता पॅनलवरून त्यातल्या सेलपर्यंत नेली जात आहे आणि भाव त्या बातम्यांवर हलतात.

शेत: पाणी मोजा, वॅट नंतर

मोफत वीज मिळणारा शेतकरी पैशासाठी सौर पंप घेत नाही. घेतो तो जोडणीच्या प्रतीक्षेतला, किंवा रात्रीच्या पाळीने वैतागलेला. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, ५ एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात.

पंप चालतो पण पाणी येत नाही, ही इथली मुख्य तक्रार आणि तिचं मूळ चुकीच्या हेडमध्ये, म्हणजे पाणी चढवायच्या एकूण उंचीच्या हिशेबात, असतं. पाणीपातळी मेमधली धरा, दिवाळीतली नाही. तीत उपसा सुरू असताना उतरणारी पातळी, शेततळ्यापर्यंतची चढण आणि पाइपमधलं घर्षण मिळवा. मराठवाड्यात उन्हाळ्यात २५० फुटांवर पाणी असलेल्या बोअरला, चढण आणि घर्षण धरून, १०० मीटर हेडच्या आसपासचा पंप लागतो. ५० मीटरचा बसवला तर डिसेंबरनंतर तो नुसता फिरतो. पॅनल विहिरीजवळ, पण उसाच्या सावलीबाहेर ठेवा. केबल पाइपातून जमिनीखाली घ्या. चोरीविरुद्ध, घट्ट केल्यावर डोकं तुटून जाणारे नट वापरा.

योजनेत पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा पुरवठादाराकडे असतो. तुम्ही त्याचे उपठेकेदार असाल तर दुरुस्तीच्या फेऱ्यांचे पैसे करारात वेगळे मागा. शेतीच्या वाहिन्यांना सोलरची वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. त्या प्रकल्पांत पाइलिंग (जमिनीत खांब रोवणं), सांगाडा आणि डीसी केबलिंगची कामं स्थानिकांना मिळतात, पण देयकं लांबतात.

पैसे कसे घ्यायचे

घरगुती कामात अनुदान ग्राहकाच्या खात्यात जातं. "अनुदान वजा करून उरलेलेच द्या" असं कोटेशन दिलंत तर ७८,००० रुपये वसूल करायला त्याच्या दारात तुम्हीच उभे राहणार. पूर्ण रक्कम घ्या. ग्राहकाला अडचण असेल तर ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांचं विनातारण कर्ज आहे, त्यात १० टक्के त्याचा हिस्सा. मागणीसोबत आगाऊ रक्कम, माल साइटवर आला की मोठा हप्ता आणि नेट मीटर लागल्यावर उरलेली. शेवटचा हप्ता 'अनुदान आल्यावर' असा कधीच लिहू नका.

काम संपल्यावर पहिलं बिल स्वतः पाहा. त्यावर आयात आणि निर्यात असे दोन आकडे असायला हवेत. निर्यात शून्य दिसत असेल तर बहुधा नव्या मीटरची नोंद बिलिंगमध्ये चढलेली नसते. उपविभागात मीटर बदलाचा अहवाल दाखवून ती लगेच दुरुस्त करून घ्या. इन्व्हर्टरच्या ॲपमधलं उत्पादन आणि निर्मिती मीटरचं वाचन यांत दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सांधे पुन्हा तपासा. आणि ग्राहकाला पॅनल सकाळी किंवा संध्याकाळी धुवायला सांगा, भर दुपारी नाही. बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरलं तर काचेवर पांढरे डाग बसतात आणि ते सहज निघत नाहीत.